बसताना दुखतं का?

तंजावूरच्या कुठल्याही मंगल कार्यालयात मामा शिरले, की वधूवरांकडे त्यांचं लक्ष नसे. खुर्च्या रिकाम्या असतानाही मागच्या भिंतीपाशी उभा राहिलेला पुरुष ते शोधत. हळूच त्याच्या शेजारी जाऊन उभे राहत, जरा वेळ नादस्वर ऐकल्यासारखं करत, आणि मग समोर बघतच तमिळमध्ये विचारत, "उक्कार्न्दा वलिक्कुमा?" बसताना दुखतं का? बहुतेक जण दचकत. काही रागावून निघून जात. एखादा मात्र तिथेच थांबे, आणि पंगत बसेपर्यंत दोघं बोलत राहत.

आमच्या घरात चुलीपासून देवघरापर्यंत मराठी. मामा हा प्रश्न मात्र मराठी माणसालाही तमिळमध्येच विचारत. मी एकदा कारण विचारलं. म्हणाले, "अगं, मराठी आईची भाषा. तिच्यात पुरुषाला फक्त पोटात दुखतं."

त्यांना दुखायचं ते पोटाच्या खूप खाली, जांघांच्या मधे, आत कुठेतरी. पंचविशीच्या आधी सुरू झालं ते कधी थांबलं नाही. ते कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत, उभ्यानेच. पेपरही उभ्यानेच तपासत. एका डॉक्टरने औषधं दिली, दुसऱ्याने मनाचा खेळ म्हटलं, तिसऱ्याने लग्न करा म्हणून सांगितलं. "केलं लग्न," मामा सांगत, "वरातीत दुखणं सगळ्यात पुढे." मामी ऐकून हसायची. पण त्यांच्या खुर्चीवरची मऊ गादी ती दर काही महिन्यांनी उसवून नव्या कापसाने भरायची, आणि तेव्हा हसत नसे.

माझे आजोबा, म्हणजे मामांचे वडील, गुडघ्यांवर उभं राहून पूजा करत. गावात त्यांच्या भक्तीचं कौतुक होतं. मामा मोठे झाले, स्वतःला दुखू लागलं, तेव्हा त्यांना ती भक्ती कळली. तोवर आजोबा गेले होते. वडिलांना एकदाही विचारलं नाही, ही गोष्ट त्यांच्या मनातून जात नसे. आणि समोर रघू होता, त्यांचा एकुलता एक मुलगा, नुकताच बँकेत लागलेला, त्याच वयात आलेला.

चेन्नईच्या एक डॉक्टरबाई पुरुषांच्या या दुखण्याचं मूळ काही घराण्यांत आनुवंशिक असू शकेल का, यावर संशोधन करत होत्या. अजून काहीच सिद्ध झालेलं नाही, असं त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितलं. मामा खूश झाले. "माहीत नाही म्हणणारी ही पहिली डॉक्टर!" त्यांनी आपली लाळ तपासायला दिली, आणि मग सगळ्या भाऊबंदांची गोळा करायचं मनावर घेतलं.

"अप्पा, लोक लग्नात अहेर देतात," रघू चिडवायचा, "तुम्ही थुंकी मागता." चिडवण्याखाली राग असे. या विषयावर वडिलांशी तो याहून जास्त कधी बोलला नाही.

मी मामांबरोबर जायचे. पापनाशमच्या बसमध्ये जागा असली तरी ते दांडी धरून उभे, मी शेजारच्या सीटवर, दोघांच्या मधे छोट्या कुप्यांची पिशवी. पुढे भातशेतांतल्या, कालव्याकाठच्या गावांत चुलत घराणी होती. पुरुष ओसरीवर कुपीत थुंकत, पण दुखतं का विचारलं की मामांना नाही म्हणत, आणि काही घरांत मागच्या दारी बायका मला वेगळंच सांगत. एक आजी म्हणाली, "हे कधी सिनेमाला आले नाहीत गो. मला वाटायचं, माझ्याबरोबर दिसायची लाज वाटते." तिचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती. ती पदर तोंडाला लावून बसून राहिली.

अशी दोन-तीन घरं सोडली तर भाऊबंद सगळे ठणठणीत निघाले. मामांना याचाच केवढा आनंद! बसमध्ये उभ्या उभ्या बोटांवर मोजत ते म्हणत, "बघ, इतक्या जणांत काही नाही. रघू सुटेल."

मग डॉक्टरबाईंचा फोन आला. मामांनी खोदून खोदून विचारलं म्हणून त्यांनी सांगितलं. या भाऊबंदांचं आणि मामांचं रक्ताचं नातं दिसत नव्हतं.

गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या आत्तीला विचारलं, तर ती उलट आमच्यावरच चकित झाली. मला म्हणाली, "तुझा आजा दत्तक नव्हता का? कुठून आणला, देव जाणे. होम झाला, गोत्र बदललं. मग जुनं घर कोण आठवतो?"

प्राणिशास्त्राचे प्राध्यापक, पण ज्यांच्या नावाने तर्पणाचं पाणी सोडलं तेच आपलं रक्त, असं धरून चालले होते. परत आल्यावर मामा घराच्या पायरीशी म्हणाले, "म्हणजे ते ठणठणीत लोक आपले नव्हेतच. आपल्यात कोण उरलं? माझे वडील आणि मी." रघूचं नाव त्यांनी घेतलं नाही.

त्यानंतर कार्यालयांत ते पुढच्या रांगेत जाऊन बसू लागले. ओठ आवळून, पण बसत. कुणाला काही विचारत नसत. मला ते पाहवत नसे. मागच्या पावसाळ्यानंतर हृदय थांबून ते गेले.

मामांचे दिवसवार झाल्यावर डॉक्टरबाईंचा पुन्हा फोन आला. दूरच्या कुठल्या गावातल्या एका माणसाची तपासणी झाली होती. तोही असाच दुखणाईत, आणि मामांच्या रक्ताचा निघाला होता. नाव त्या सांगू शकत नव्हत्या. "त्यालाही विचारते आहे. तो तयार झाला, तर तुमच्याकडून कोणी बोलेल का?"

मी फोन ठेवला. रघू उंबऱ्याशी उभा राहून ऐकत होता. तो कटकट म्हणेल, असं मला वाटलं.

"मी बोलतो," तो म्हणाला.

"तू?"

"अक्का, अप्पांची भाची बोलून काय करेल? त्याला कुठे दुखतं ते तुला कळणार आहे का?"

 मामी आत होती, म्हणून मी आवाज खाली आणून विचारलं, "कधीपासून?"

"बँकेत लागलो त्याच्या आधीपासून."

"मामांना का नाही सांगितलंस? इतके गावोगाव हिंडले ते."

रघूने दाराची कडी उगाच वर-खाली केली. "सांगितलं असतं तर त्यांनी माझी माफी मागितली असती, अक्का. बापाच्या तोंडून ते कसं ऐकायचं?"

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरबाईंना कळवलं, त्या माणसाशी बोलायला आमच्या घरात एक जण आहे.