रपट्यावर विझलेला कंदील

लग्न होऊन मी कामरगावाकडच्या सासरी आले तेव्हा मला दोनच गोष्टी चांगल्या येत होत्या, बोलणं आणि रुसणं. स्वयंपाक मागाहून शिकले. माहेर रिठदचं. निघताना आईनं बजावलं होतं की सासऱ्यासमोर तोंड उघडायचं नाही. काही विचारलं तर मान हलवायची, आणि सांगायचंच असलं तर सासूला सांगायचं, ती पुढे सांगेल. आमच्याकडे तेव्हा सगळ्याच सुनांची ही रीत. सासू जवळ नसली तर काही जणी भिंतीला सांगत, काही जणी गोठ्यातल्या बैलाला. पाणी तापलं आहे असं बैलाला ऐकवायचं आणि सासऱ्यानं उठून आंघोळीला जायचं. मी तर त्याहून सोवळी, बैलाशीसुद्धा बोलत नसे. वर्षभरात गावातल्या बाया आपापल्या सुनांना माझा दाखला देऊ लागल्या. हिचा आवाज हिच्या सासऱ्यानं अजून ऐकला नाही, असं कोणी म्हटलं की मी पदराआड फुगायची. पंधरा-सोळा वर्षांचं वय, आणि मुकं राहण्यात आपण केवढा पराक्रम करतो आहोत ही समजूत. आज ती पोरगी समोर आली तर आधी तिचा कान पिळीन.

सासऱ्यांना मी मामाजी म्हणायची, म्हणजे मनातल्या मनात. घरी शेती होती, पण गावात त्यांना ओळखत ते सडकेवरच्या त्यांच्या कडक शिस्तीमुळे. कापसाच्या दिवसांत आमच्या गावावरून कारंज्याच्या बाजाराला बंड्यांची, म्हणजे मालाच्या बैलगाड्यांची, रांग लागे. उन्हात बैल दमतात म्हणून बंड्या रात्रीच निघत. हाकणारे धुरकरी कापसावर आडवे होऊन झोपत आणि बैल पुढच्या बंडीच्या कंदिलामागे आपले आपण चालत राहत. कंदील टांगायचा तो बंडीच्या पोटाखाली, आखाला, म्हणजे पुढच्यालाही दिसतो आणि मागच्यालाही. वाटेत थांबायचं झालं तर बंडी सडकेवरून खाली घ्यायची, जू जमिनीला टेकवायचं आणि कंदील काढून सडकेच्या बाजूला टांगायचा. हे सगळ्यांना ठाऊक होतं. मामाजी मात्र ते सगळ्यांकडून करवून घेत. सडकेत बिनबत्तीची बंडी उभी दिसली की आपली गाडी थांबवून उतरायचे, झोपलेल्या धुरकऱ्याचा पाय धरून हलवायचे आणि त्याला कंदील लावायला लावूनच पुढे जायचे. कोणी म्हटलं की मामा, एवढं टिपूर चांदणं पडलं आहे, कंदील कायले, की त्यांचं ठरलेलं उत्तर असे.

"कंदील आपल्याले दिसावं म्हून नसते बाप्पा. आपुन दुसऱ्याले दिसावं म्हून असते."

सडकेवर नवीनच मोटर सुरू झाली तेव्हा बैल तिच्या दिव्यांना फार बुजत. मामाजींनी त्या मोटरवाल्याला गाठून, चहा पाजून, एक बोली केली. मोटरवाल्याला समोर खाली लोंबणारा कंदील दिसला की त्यानं आपले मोठे दिवे विझवायचे आणि लहान बत्तीवर हळू यायचं. तोवर धुरकऱ्यानं खाली उतरून बैलांच्या वेसणी धरायच्या, त्यांची तोंडं शेताकडे करायची आणि मोटर गेल्यावर हात वर करायचा. हळूहळू सडकेवरचे सगळेच हे पाळू लागले. मोटरवाला जाताना भोंगा एकदाच, हलका वाजवायचा. तो मामाजींना रामराम असे, आणि तो ऐकून ते दिवसभर खुशीत असत.

त्या वर्षी चार कोसांवरच्या एका खेड्यात नात्यातलं लग्न होतं. आम्ही दमणीनं गेलो. दमणी म्हणजे माणसं बसायची हलकी गाडी, वरून टप असलेली. लग्नात बायकांच्या घोळक्यात मला माहेर आठवलं की काय कोण जाणे, माझं तोंड सुटलं. वरमायच्या नकला केल्या, हसले, खिदळले. ते सासूबाईंनी पाहिलं आणि चारचौघींत म्हणाल्या, "घरी मुकी अन् इथी टकळी. खरी कोणती वं तू?" बाया हसल्या. मला ते असं लागलं की मी तिथंच मनात शपथ घेतली, आता या बाईशी आठ दिवस बोलायचं नाही. म्हणजे पाहा, सासऱ्याशी रीत म्हणून बोलायचं नाही, सासूशी रुसवा म्हणून बोलायचं नाही. राहिला बैल, त्याच्याशी मी आधीपासूनच बोलत नव्हते.

नवरा लग्नघरी आवराआवरीला मागे राहिला. परत निघालो ते आम्ही तिघं. मामाजी पुढे हाकायला, सासूबाई मध्ये गोधडीवर, आणि मी मागच्या तोंडाला, पाठ त्यांच्याकडे आणि तोंड मागच्या सडकेकडे करून. निघताना मामाजींनी कंदिलाची काच पुसली, वात कातरली, दोनदा हलवून गाठ पक्की आहे का पाहिलं. तेल भरताना मी त्यांना पाहिलं नव्हतं. मी तेव्हा रुसायची तयारी करत होते.

मागे बसलं की कंदिलाचा उजेड सडकेवर गोल पडलेला दिसे आणि चाकांच्या आऱ्यांच्या सावल्या त्यातून फिरत. मी त्या मोजत बसले होते. सासूबाई घोरू लागल्या. मग नाला आला. नाल्यावर दगडी रपटा, म्हणजे बुटका फरशीपूल, होता, त्याच्या कडेला एक दगड निघालेला. चाक त्यात आदळलं, कंदिलाची जोत एकदम भडकली आणि गेली. सडकेवरचा गोल गेला, सावल्या गेल्या. नुसतं चांदणं उरलं. पुढे बसलेल्या मामाजींना त्या चांदण्यात काही फरक कळला नाही, आणि बैलांना तर वाट पाठच होती.

मी वाकून खाली पाहिलं. काच काळी झाली होती. आता खरं सांगते, भीती वगैरे काही वाटली नाही. मला हसू आलं. साऱ्या मुलुखाला कंदील शिकवणारा माणूस बिनकंदिलाचा चालला आहे आणि हे फक्त मला माहीत आहे, याची मजा वाटली. सकाळी गावात शिरताना कोणी तरी विचारील, मामा, तुमची बत्ती कोठी, तेव्हा सासूबाईंचं तोंड कसं होईल तेही मी रंगवलं. एकदा बांगड्या वाजवल्या, पण अशा हळू की बैलांच्या घुंगरांत त्या मलाही धड ऐकू आल्या नाहीत. तेवढं करून मी सुटले. सांगितलं होतं बाई, त्यांनाच ऐकू आलं नाही, असं स्वतःला म्हणायला जागा झाली. सासूबाईंचा पाय माझ्या गुडघ्याला टेकलेला होता. नुसता दाबला असता तरी त्या उठल्या असत्या.

कोसभर तसेच आलो. पुढे सडक वळते तिथे दोन्ही बाजूंनी दाट बाभळी होत्या, चांदणं खाली पोचत नव्हतं. मोटरचा आवाज आला. मामाजी नेहमीसारखे घाईनं उतरले, गाडीखाली न पाहता दोन्ही वेसणी धरल्या, बैलांची तोंडं शेताकडे वळवायला लागले. वळणावरून मोटरचे दिवे आले ते सरळ बैलांच्या डोळ्यांत. मामाजी घाबरले नाहीत. त्यांना खात्री होती. बैलांना थोपटत म्हणाले, "थांब रे राजा, विझवते आता तो. विझवते."

दिवे विझले नाहीत. डाव्या बैलानं मान हिसडली, वेसण हातातून गेली आणि तो उजव्याला ओढत खाली चरात उतरला. दमणी कलंडली. मी सासूबाईंवर पडले आणि आम्हा दोघींवर गोधड्या. आम्हाला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. डाव्या बैलाचा पुढचा पाय मात्र जुवाखाली मोडला. तसा आवाज मी आधी ऐकला नव्हता. बैल ओरडला नाही, नुसता फुरफुरत राहिला.

मोटर पुढे जाऊन थांबली. मोटरवाला धावत आला, जू उचलायला त्यानंच हात लावला. भला माणूस होता. जू बाजूला झाल्यावर तो मामाजींना म्हणाला, "मामा, बत्ती कोठी तुमची? मले दिसली असती तं म्या माही विझवली नसती काय?"

मामाजी वाकले. कंदील चरातल्या दगडांवर पडून फुटला होता, जे काही तेल असेल ते मातीत गेलं होतं. त्यांनी त्याच्या टोपणाला हात लावला. ते थंडगार होतं. म्हणजे आत्ता विझलेला नाही, मघाच विझला आहे, हे त्यांना कळलं. हात तसाच ठेवून ते म्हणाले, "तुही चूक नाही. माही हाये."

तेव्हा तरी मी बोलायला हवं होतं. मी पदर सारखा केला.

बैल चौथ्या दिवशी गेला. ते चारही दिवस मामाजी गोठ्यात बसून होते. त्याला पाणी पाजायचे, माशा वारायचे आणि अधूनमधून सासूबाईंना विचारायचे, निघताना म्या तेल भरलं व्हतं ना. त्या म्हणायच्या, भरलंच असंल. त्यावर ते म्हणायचे, असंल कायले, पाह्यलं व्हतं काय. सासूबाईंनी पाहिलं नव्हतं. लग्नघरच्या गडबडीत मामाजींना स्वतःलाही आठवत नव्हतं. मी दाराआडून सगळं ऐकत होते. तेल होतं की नव्हतं, हे जगात मला एकटीला ठाऊक होतं, कारण तेल संपून विझणारी जोत आधी मिणमिणते, भडकत नाही. बोलले असते तर रीत मोडली असती, असं मी स्वतःला समजावत होते. ही रीत मला त्या दिवसांत फार उपयोगी पडली.

गावानं अर्थ काढायचा तो काढला. लोकायले बत्ती शिकवून राह्यला अन् स्वतः तेल भरायले विसरला, एवढंच ते वाक्य, पण चावडीपासून सडकेपर्यंत पोचलं. पुढच्या कापसाला धुरकरी सडकेतच बिनबत्तीच्या बंड्या उभ्या करून झोपू लागले. मामाजींनी एकाला उठवलं तर तो पांघरुणातूनच म्हणाला, "मामा, तुमच्या बत्तीचं पाहा ना आधी." मामाजी तसेच माघारी आले. त्यानंतर त्यांनी कासरा हातात धरला नाही. कुठे जायचं तर दुसऱ्याच्या गाडीत मागे बसायचे, नाही तर पायी जायचे. मोटर अजून त्याच सडकेनं जायची. भोंगा ऐकू आला की ते ओसरीवरून उठून आत यायचे.

असं दीड वर्ष गेलं. ज्वारी कापणीच्या दिवसांत त्यांना ताप भरला. घरातली सगळी शेतावर होती, काढा द्यायला मी एकटी. त्यांनी वाटी घेतली आणि नेहमीसारखी मान फिरवली, मला जायला सोपं व्हावं म्हणून. मी गेले नाही. आयुष्यात त्यांच्याशी पहिल्यांदा बोलले ते हे.

"मामाजी, कंदील विझताना म्या पाह्यला व्हता."

त्यांना आधी आवाज कुणाचा हेच कळलं नाही. मग वाटी खाली ठेवली.

"कोठी?"

"नाल्याच्या रपट्यावर."

"मिणमिणून का भडकून?"

"दचका बसला, भडकली अन् गेली."

"मंग तेल व्हतं," ते म्हणाले. डोळे मिटले, आणि पुन्हा तेच म्हणाले. त्यांचे ओठ हलत होते. मला वाटलं आता शिव्या देतील, देवाशपथ मला त्या हव्या होत्या. त्यांनी एवढंच विचारलं की हे आणखी कोणाला सांगितलं काय. मी नाही म्हटलं.

"नको सांगू. मले बोलणं बसलं ते बसलं. तुले अजून लय वर्सं या गावात राहाचं हाये."

मी रडायला लागले तर म्हणाले, काढा थंडा होते, आणि तो पिऊन टाकला.

बरे झाल्यावर ते चावडीवर गेले. तिथे तीच थट्टा झाली. ते सगळ्यांबरोबर हसले, असं मला नवऱ्यानं येऊन कौतुकानं सांगितलं. आता खरं काय ते त्यांना माहीत होतं आणि माझ्यासाठी ते पोटात ठेवून ते हसत होते. एक मात्र त्यांनी केलं. सगळ्यांसमोर मला हाक मारून सांगितलं की सूनबाई, माझ्याशी बोलत जा, या घरात चालते. सासूबाई आठवडाभर धुसफुसल्या. गाव म्हणालं, त्या रातीपासून बुढ्याचं डोकं ठिकाणावर नाही. तेही त्यांच्याच खात्यावर गेलं. आणि मला बोलायची मुभा मिळाली तर मला बोलायला सुचेना. पाणी ठेवलं, जेवण झालं, एवढंच.

पुढे तीन वर्षांनी ते गेले. तेरवीला सडकेवरचे जुने धुरकरी जेवायला आले होते, तो मोटरवालाही होता. मी वाढत होते. पंगतीत एक म्हातारा धुरकरी डोळे पुसत म्हणाला, लय चांगला माणूस, असा माणूस होणे नाही. शेजारचा म्हणाला, हो, एक त्या रातीचं तेल तेवढं विसरला. सगळ्यांनी माना हलवल्या. मोटरवालाही मान खाली घालून बसला. मी वरणाचं भांडं घेऊन त्यांच्या पुढ्यातच उभी होते. तोंड होतं, बोलायची परवानगी होती, अडवणारं कोणी नव्हतं, आणि सांगू नको म्हणणारा माणूसही आता नव्हता.

"वरण वाढू काय आणखी?" मी विचारलं.

त्यांनी हो म्हटलं. मी वाढलं.