शेवटच्या प्रश्नापुढे ‘निरंक’

आमच्या घराण्यात तीन पिढ्यांनी सरकारी कागदच भरले. फॉर्म दिसला की माझा हात आपोआप खिशातल्या पेनाकडे जातो. लग्नाच्या पंगतीत कोणी अर्ज घेऊन आला, तर आधी अर्ज, मग जिलेबी.

बहिणीची मुलगी महागावहून यवतमाळला कॉलेजसाठी आली, आमच्याकडेच राहते. दिवाळीनंतर तिचं जेवण कमी झालं, बोलणं त्याहून कमी. मी निदान केलं: मोबाइल. उपाय: च्यवनप्राश. मग एक दिवस तिच्या मॅडमचाच फोन आला, "हिला मनाच्या डॉक्टरांना दाखवा. उद्याच." शेजारी मी सांगितलं, डोळे दाखवायला नेतो. शेजारच्या काकू म्हणाल्या, "माझाही नंबर काढून आणा."

सरकारी दवाखान्यात चिठ्ठी काढून बाकावर बसलो. सिस्टरनं भाचीला छापील कागद दिला: गेल्या दोन आठवड्यांत झोप कशी, भूक कशी, मन कशात लागतं का. तो तिच्या हातात जेमतेम एक मिनिट राहिला असेल. मी घेतला आणि सुवाच्य अक्षरात भरत सुटलो. झोप: साधारण. भूक: समाधानकारक. शेवटचा प्रश्न होता, जगू नये असं वाटतं का. तिथं मी ऑफिसच्या सवयीनं लिहिलं, ‘निरंक’, म्हणजे काही नाही. आमच्या घरातल्या पोरीच्या कागदावर दुसरं काय असणार?

"मामा, कायले भरून राह्यले तुम्ही?"

"तुले त्रास नको म्हणून."

"मंग आत बी तुम्हीच जा. डॉक्टर तुमचंच पाहतीन."

बाकावरचे दोघे हसले. मीही हसणार होतो, पण तिनं माझ्या हातातलं पेन घेतलं, ‘निरंक’ खोडलं आणि बारीक अक्षरात लिहिलं, ‘हो. रोज.’

इतकी वर्षं कागद वाचले, हे दोन शब्द मात्र तीनदा वाचावे लागले.

"पोरी, मले काहून नाही सांगितलं?"

"सांगाले आलती ना. तुम्ही च्यवनप्राश देल्ला."

सिस्टरनं कागद पाहिला आणि रांग थांबवून तिला सरळ आत नेलं. मी मागोमाग उठलो, तर म्हणाली, "काका, तुम्ही बसा." पाऊण तास बसलो. मग मला बोलावणं आलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, "हा आजार बरा होतो, मी रोज पाहते. पण सध्या तिला एकटं ठेवू नका, आणि दर आठवड्याला आणा." जीव फार घाबरला तर लावायचा फुकट फोनचा नंबर भाचीनं स्वतःच्या मोबाइलमध्ये घेतला. मीही लिहून घ्यायला लागलो, तर बाई म्हणाल्या, "तुमच्याकडे ऐकायचं काम."

ते काम मी कधी केलेलं नव्हतं. पण शिकता येतं, पन्नाशीतही.

पुढच्या आठवड्यात एका दुपारी ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "मामा, आज लई जड होऊन राह्यलं."

जिभेवर चार उपदेश आणि दोन म्हणी आल्या होत्या. गिळल्या. "फोन लावतं का?"

"लावतो. तुम्ही बसा. बोलू नका पण."

बसलो. ती बोलत होती, रडत होती. पलीकडून काहीतरी विचारलं असावं. तिनं डोळे पुसले आणि माझ्याकडे पाहून म्हणाली, "नाही जी, एकटी नाही. मामा बसले हायेत बाजूले."