चिंचेने घासलेला फ्रेंच मायक्रोस्कोप

परवा खंडेनवमीच्या सकाळी मी चक्क किंचाळले... तेही सासूबाईंवर. घराजवळच्या द्वारका चौकातल्या ट्रॅफिकलाही ऐकू गेलं असेल!

झालं काय, माझ्याकडे एक छोटासा पितळी मायक्रोस्कोप आहे. एकोणिसाव्या शतकातला, फ्रान्समध्ये विद्यार्थ्यांसाठी बनवलेला. मी ज्युनिअर कॉलेजात बायोलॉजी शिकवते, आणि माझ्या सरांनी निवृत्त होताना तो मला दिला. बारा वर्षं शोकेसमध्ये आहे... माझा जीव की प्राण!

आणि त्या सकाळी तो सिंकमध्ये. आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, देवाच्या समयांबरोबर त्यालाही चिंच-मीठ लावून खसाखसा घासला होता. पितळेवरची मूळची सोनेरी झिलई पार गेली... भिंगांतही पाणी शिरलेलं.

"आई, काय केलंत हे! विचारायचं तरी!"

आई चांदवडच्या, उलटून बोलणं ठाऊकच नाही. "आज अवजारं पूजतात ना. तुझं अवजार हेच हाय, म्हणून धुतलं," एवढंच म्हणाल्या आणि आत जाऊन बसल्या.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझ्या कामाची पूजा मांडायचं घरात फक्त त्यांनाच सुचलं होतं, आणि मी त्यांच्यावरच खेकसले.

भिंगं काढून चष्म्याच्या फडक्याने पुसली, वाळवली. आता यातून काही दिसतंय की सगळंच बोंबललं, ते बघायला कांद्याचा पापुद्रा काचेवर लावला. आरसा खिडकीकडे वळवला... आणि दिसलं! जरा धूसर, पण दिसलं.

धावत जाऊन आईंना सांगितलं. त्या दारापर्यंत आल्या आणि तिथेच थबकल्या.

"यातून दिसतं तरी काय गं? बारा वर्षं पुसते मी, कधी पाहिलं नाय."

बारा वर्षं! कॉलेजात दर वर्षी वर्गच्या वर्ग पोरांना मी पेशी दाखवते. घरातल्या माणसाला एकदाही 'या, बघा' म्हटलं नव्हतं. खूप लाज वाटली हो...

या मायक्रोस्कोपला फिरवायचा स्क्रू नाही, नळी हातानेच वर-खाली सरकवायची. आईंचा हात धरून हळूहळू सरकवली. "थांब थांब... आलं! अगं बाई! यात तर भिंती घातल्यात. एकेक खोली! आख्खा जन्म कांदा चिरला, आत एवढं गाव हाय हे कोणी सांगितलंच नाय!"

मग तिथून हलायलाच तयार नाहीत. पूजेला उशीर झाला, वरण करपलं.

त्यांना मागूनच मिठी मारली आणि म्हटलं, "आई, चुकलं माझं. ओरडायला नको होतं." त्यांनी डोळा काही भिंगावरून काढला नाही.

"ते राहू दे गं... आता लसणाचं सालपट लाव."