डेअरीची हार्ड डिस्क आणि फॅट मशीनचं तोंड

"हात लावू नका!" मी ओरडलो आणि सुनंदाताईंचा उगारलेला हात तसाच वर राहिला. त्या सीपीयूला चापट मारणार होत्या.

"मारल्याशिवाय चालू होत न्हाय ओ सलीमभाई," त्या म्हणाल्या. "रोज एक द्यावी लागती."

"कुणी शिकवलं हे?"

"जुन्या टीव्हीला मारायचो की आमी."

मी कपाळावर हात मारून घेतला. परंड्यात माझं कॉम्प्युटर रिपेअरिंगचं दुकान आहे. या लाइनीत केस पांढरे झाले, पण असलं ऐकलं की अजून डोकं सणकतं. हार्ड डिस्कमध्ये एक तबकडी गरगर फिरत असते. सगळी माहिती तिच्यावर असते. ती वाचणारा हेड तिच्या अगदी जवळ, केसाएवढंही अंतर न ठेवता तरंगत असतो. बाहेरून चापट बसली की तो तबकडीवर आपटतो. तिथली जागा खराब होते, तिला आम्ही बॅड सेक्टर म्हणतो. ताईंच्या डिस्कमधून टक्‌टक्‌ आवाज येत होता. म्हणजे तिचे दिवस भरले होते.

गाव परंड्याजवळच. सुनंदाताई तिथं दूध संकलन केंद्र चालवतात. सकाळ-संध्याकाळ लोक दूध घालायला येतात. फॅट मशीन दुधातला स्निग्धांश मोजतं आणि त्यावर भाव ठरतो. मशीनचा आकडा केबलीतून कॉम्प्युटरला जातो आणि स्लिप निघते. कॉम्प्युटर मधेच अडायचा, त्यामुळं ती स्लिप बऱ्याच दिवसांपासून निघत नव्हती. ताई मशीनवरचा आकडा बघून तोंडी सांगायच्या. मग काय, गावात सुरू झालं, बाई फॅट मारती, आकडा कमी सांगती. त्यात रस्त्यापलीकडं एकानं नवी डेअरी टाकलेली. रोज एखादं घर तिकडं वळत होतं.

"अजून चार-सहा घरं गेली की टँकर इथं थांबायचा न्हाय," ताई म्हणाल्या. "मग केंद्राला कुलूप. पोरगी नर्सिंगला हाय माझी लातूरला. कसं करू सांगा."

"नवीन डिस्क टाकतो. पण तुमच्या सॉफ्टवेअरची सीडी कुठंय?"

सीडी नव्हती. सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी बंद पडलेली आणि ते टाकून देणारा माणूस लाइन सोडून गेलेला. म्हणजे कोरी डिस्क लावून उपयोग नव्हता. क्लोन करावा लागणार होता, म्हणजे जुन्या डिस्कची जशीच्या तशी प्रत नव्या डिस्कवर घ्यायची. मी एसएसडी आणली होती. तिच्यात फिरणारं काहीच नसतं, त्यामुळं चापटीनं तिला फारसं काही होत नाही. हे मात्र मी ताईंना सांगितलं नाही.

सकाळचं दूध गेल्यावर मी क्लोन लावला. निम्म्यापर्यंत गाडी बरी चालली. पुढं एकेक बॅड सेक्टर लागायला लागला. प्रोग्राम तिथं अडायचा, पुन्हापुन्हा वाचून बघायचा, नाहीच जमलं तर ती जागा सोडून पुढं जायचा. जेवण झालं, चहा झाला, क्लोनचा आकडा हलायला तयार नाही. तेवढ्यात बाहेर किटल्या वाजायला लागल्या. संध्याकाळचं दूध आलं होतं.

"थांबवा की जरा. दुधाची नोंद करू, मग परत लावा," ताई म्हणाल्या.

"ताई, आता थांबवली तर ही डिस्क परत उठंल याची मला खात्री न्हाय."

खिडकीशी दगडूआबा उभे होते. गावात त्यांच्या शब्दाला वजन. "आजबी तोंडीच का, बाई?" त्यांनी विचारलं, आणि मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. सरूबाईनं तर किटली उचललीच. "मी चालले पलीकडं. तितं कागद मिळतो."

ताईंचा चेहरा खर्रकन उतरला. मग त्या माझ्याकडं वळल्या. "सलीमभाई, ही केबल काढली तर मशीन चालंल का?"

"चालंल की. फॅट मशीनच मोजतं. कॉम्प्युटर नुसतं लिहून घेतो."

त्यांनी केबल ओढून काढली. मशीन दोन्ही हातांनी उचललं आणि आकडा दिसतो ते तोंड खिडकीकडं केलं. इतकी वर्षं ते आत तोंड करून होतं, कारण केबल आखूड. दुसरं काही कारण नाही!

"आधी माज्या गाईचं," ताई म्हणाल्या आणि दूध लावलं. आकडा आला. त्यांनी तो मोठ्यानं वाचला, "तीन पॉइंट एक."

लोक आकडा बघायला खिडकीशी सरकले. एवढी कमी फॅट म्हणजे भाव पडलाच. तेवढ्यात सरूबाई म्हणाली, "अगं सुनंदे, गाईला पेंड घालतीस का नुसता पाला?"

सगळी रांग हसली. ताईसुद्धा हसल्या. आबा मात्र आकड्याकडं बघत राहिले. "फॅट मारायची असती तर सोताची नसती का वाढवली बाईनं?" ते म्हणाले आणि त्यांनी आपली किटली पुढं सरकवली.

मग सरूबाईचा नंबर. माझी म्हैस आठच्या खाली उतरत न्हाय, असं ती गावभर सांगायची. आकडा आला सहा पॉइंट दोन.

"आज धार सुनेनं काढली," ती ठसक्यात म्हणाली. हसून हसून लोकांची मुरकुंडी वळली. पण दूध तिनं तिथंच ओतलं. मला लई बरं वाटलं. खोटं कशाला सांगू?

या गडबडीत क्लोन पुरा झाला होता. काही जागा वाचता आल्या नव्हत्या. त्या सॉफ्टवेअरच्या नसू दे, म्हणून अल्लाचं नाव घेतलं, एसएसडी बसवली आणि बटन दाबलं. विंडोज आलं. सॉफ्टवेअर उघडलं. प्रिंटर कुरकुरला आणि कोरी करकरीत स्लिप बाहेर आली. ताईंनी ती आधी कपाळाला लावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुद्दाम जाऊन बसलो. केबल जोडलेली, मशीनचं तोंड परत आत. आबांनी स्लिप घेतली, न वाचताच खिशात कोंबली. म्हणाले, "कागूद ऱ्हाऊ द्या. मशीन इकडं फिरवा."

मग बार्शीहून लांब केबल मागवली. ती एसटीनं आली आणि मशीन कायमचं बाहेर तोंड करून बसलं. गेलेली बहुतेक घरं परत आली. टँकर अजून थांबतो.

थोड्या दिवसांनी पलीकडच्या डेअरीवाल्याचा फोन आला. जरा खालच्या आवाजात म्हणाला, "सलीमभाई, ती लांब केबल आमालाबी पायजे. लोकं ऐकंनात."

त्यालाही दिली. बॅकअप घ्या, बॅकअप घ्या, म्हणून मी गावोगाव घसा कोरडा करतो, कुणी ऐकत नाही. लांब केबल मात्र आता मागून नेतात.