अप्पांनी बंद न केलेला कॉक

अप्पांना अख्खी गल्ली 'वायसर' म्हणायची. नळाची तक्रार कुठलीही असो, हा माणूस आधी वायसर बघणार. चाळीस वर्षं लोकांचे नळ दुरुस्त केले, आणि स्वतःच्या स्वयंपाकघरातला मात्र टपटपतच ठेवला. आई होती तोवर त्यावरून रोज बोलणी खायचे.

आई गेली आणि अप्पा विसरायला लागले. कधी गॅस चालू राहायचा, कधी दार सताड उघडं. मी त्यांची धाकटी, समोरच्याच इमारतीत राहते. दादाने विचारलं की मी सगळं अंगावर घ्यायची. गॅस माझ्याकडून राहिला, दार मीच उघडं टाकलं. दादा काही दूधखुळा नाही. त्याने वृद्धाश्रमात जागा बघून ठेवली.

अप्पा भडकले. "मला काय धाड भरलीये? रविवारी ये. हा नळ एकट्याने करून दाखवतो. जमलं तर मी इथेच राहणार. नाही जमलं तर नेशील तिथे येतो."

"चालेल," दादा म्हणाला.

आता मला सांगा, बापाची परीक्षा नळावर घेतात का? पण दोघेही एकाच हट्टाचे.

नळ खोलण्याआधी न्हाणीघरातला मेन कॉक बंद करावा लागतो, नाहीतर पाण्याचा फवारा थेट तोंडावर. रविवारी अप्पा पिशवीतून पाने-पक्कड काढत बसले होते. ते कॉक विसरले तर? मी गुपचूप जाऊन तो बंद करून आले.

ते विसरले नाहीत हो! उठले ते सरळ न्हाणीघरात, मागोमाग दादा. कॉक फिरवायला गेले, फिरेना.

"बंदच आहे हा," अप्पा म्हणाले. मग हळूच, "मगाशी मी केला का रे?"

अप्पांचा चेहरा पांढराफटक पडला.

"मी केला!" मी ओरडले. "अप्पा, देवाशप्पथ, आत्ता मी बंद केला!"

दादाने हात जोडले. "बस कर ना गं. किती वेळा?"

"अरे, खरं सांगतेय!"

अप्पांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "राहू दे पोरी. गॅस तूच, दार तूच. किती पांघरूण घालशील माझ्यावर?"

मी रडले, भांडले. माझं मेलीचं तोंडच खोटारडं झालं होतं.

मग अप्पांनी नळाचं डोकं खोललं, झिजलेला वायसर काढून नवा बसवला. दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. कॉक उघडून आले आणि नळाखाली तळहात धरून उभे राहिले. एक थेंब पडला नाही.

दादाही वरमला. "अप्पा, राहा हवं तर इथेच."

"नको रे. हाताला आठवतंय, डोक्याला नाही. उद्या गॅसने आग लागली तर बाकीच्यांनी काय घोडं मारलंय?" पान्यांची पिशवी त्यांनी माझ्या हातात दिली.

आता दर रविवारी मी आश्रमात जाते. माझं नाव त्यांना आठवत नाही. तो कॉक तेवढा आठवतो. "मीच बंद केला होता, आणि विसरलो," भेटेल त्याला सांगतात.

"अप्पा, मी केला होता," मी अजूनही म्हणते.

ते माझा हात थोपटतात. "माझी मुलगीपण असंच म्हणायची."