फोन धरणातच राहिला

जागा दाखवणाऱ्या उपग्रहाचा संदेश नेमका कुठून सुरू होतो ते फोनला ओळखता यावं, म्हणून शून्य-एकांची ठरावीक खूण रचणं ही माझी नोकरी. खूण सापडलीच नाही तर यंत्र गप्प बसतं. चुकीच्या जागी जुळली तर छातीठोक खोटं बोलतं. मला भीती त्याचीच.

परवा आईचा दमा बळावला. बीडजवळच्या पालीहून शहरातल्या नव्या दवाखान्याकडे निघालो, तर फोन आम्हाला धरणाच्या मधोमध दाखवू लागला. गाडी चालवता चालवता मी फोनकडेच बघत राहिलो.

"ही तुझीच खूण का रे?" मागून ताईनं विचारलं.

"काय माहीत."

"मंग समोर बघून गाडी हाक. रस्ता मी सांगते."

दवाखान्याच्या दारात आईला उतरवलं, तरी फोन पाण्यातच होता. आई धापा टाकत म्हणाली, "त्याला बी काढ बाहेर."