पंख्यासकट घर

माझी बायको युरानिस हट्टाला पेटली की तिच्या वाटेला जाऊ नये, हे अख्ख्या बारांकिया शहराला ठाऊक आहे. लग्नाआधी मलाच कुणी सांगितलं नाही. ती तंत्रशाळेत शिकवते. तिचे वडील एलिएसेर जन्मभर बस चालवून बहिरे झाले. रविवारी सगळे जेवायला बसले की त्यांना कुणाचंच बोलणं कळेना, म्हणून ते ताट घेऊन अंगणात एकटे बसू लागले. तेव्हापासून हिने एकच धरलं: बाबांच्या कानयंत्रातल्या नखाएवढ्या चिपमध्ये मावेल असं एआय मॉडेल बनवायचं. आजूबाजूचे आवाज ऐकून त्याने ओळखायचं, हे घर की बस. बस असेल तर सगळंच दाबायचं, घर असेल तर माणसांचं बोलणं पुढे आणायचं.

मॉडेलला शिकवायला लागणारे बसमधले आवाज तिने सहज टिपले. घराचे आवाज टिपायची वेळ आली आणि आमचे हाल सुरू झाले. पंखा बंद, रेडिओ बंद, मिक्सर बंद. शेजारच्या तुल्योला हात जोडून त्याचे कपाटाएवढे स्पीकरही बंद करायला लावले. उकाड्याने जीव नकोसा झाला. मी शिंकलो, तर पुन्हा पहिल्यापासून.

मग मॉडेल चिपमध्ये बसेपर्यंत ती ते कापत, छाटत बसली. अखेर रविवारी ते बाबांच्या कानात गेलं. पंखा घरघरतोय, रेडिओ चालू, तुल्योमुळे भिंत हादरतेय, सगळे एकदम बोलतायत. यंत्राने काय ओळखलं ते तिच्या फोनवर उमटलं: बस. बाबांना काहीच ऐकू येईना. ते ताट उचलून अंगणात गेले.

युरानिस रडकुंडीला आली. मीही वैतागलो होतो.

"अगं, पाहुणे येणार असल्यासारखं घर दाखवलंस त्याला. आपलं घर कधी असं असतं का?"

"मग आधी का नाही बोललास?"

"तू बोलू दिलंस कुठे?"

पुन्हा सगळं टिपलं, या वेळी पंख्यासकट, तुल्योसकट. तुल्यो आता मदत म्हणून आवाज आणखी वाढवायचा, आणि त्याला बोलायचीही सोय नव्हती.

शेवटी एका रविवारी फोनवर 'घर' उमटलं. बाबा मान खाली घालून तळलेल्या माशाचे काटे काढत होते. युरानिस सवयीने त्यांच्या कानाशी ओरडली, "बाबा, भात वाढू?"

"ओरडतेस कशाला? वाढ की."

त्यांनी मान वर केली नव्हती. तिच्या ओठांकडे बघितलंसुद्धा नव्हतं. युरानिस हातात डाव धरून तशीच उभी राहिली. बाबांना दुसऱ्यांदा भात मागावा लागला.